क्लस्टरमधला नोड पडला तर काय करायचं: ऑन-कॉलवर नव्याने आलेल्यांसाठी

हिंजवडी, खराडी, बाणेर किंवा मगरपट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत डेटाबेस सांभाळणाऱ्या टीममध्ये तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, तर पहिल्या काही महिन्यांतच एका रात्री फोन वाजेल. अलर्टमध्ये एका नोडचा, म्हणजे क्लस्टरमधल्या एका मशीनचा, आयपी असेल आणि पुढे 'डाउन' असा शब्द. तेव्हा हाताशी असावा म्हणून हा लेख लिहिला आहे. उदाहरणाला अपाची कॅसँड्रा हा डेटाबेस घेतला आहे, कारण तो मोफत आहे, लॅपटॉपवर चालवून बघता येतो आणि नोड परत उभा करण्याचे सगळे महत्त्वाचे प्रश्न त्यात उघडपणे समोर येतात. सगळे तपशील ४.० आणि ४.१ या आवृत्त्यांच्या हिशोबाने आहेत. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. नोड का पडला हे शोधण्याआधी तो किती वेळ पडून आहे ते शोधा. उशिरा परत आलेला नोड हा पडलेल्या नोडपेक्षा जास्त धोकादायक असतो. पडलेला नोड कोणाला चुकीची माहिती देत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून सहा नोडचा क्लस्टर धरू. तीन रॅक (एकत्र बंद पडू शकणाऱ्या मशीनचे गट), प्रत्येक रॅकमध्ये दोन नोड, रेप्लिकेशन फॅक्टर ३. म्हणजे प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती, प्रत्येक रॅकमध्ये एक. अॅप्लिकेशन क्वोरमने वाचतं-लिहितं, म्हणजे तीनपैकी दोन प्रतींनी होकार दिला की काम झालं. एक नोड गेला तरी दोन प्रती शिल्लक असतात आणि ग्राहकाला काही कळतही नाही. विचार करून पाऊल टाकायला तुमच्याकडे वेळ आहे, तो वापरा.

पायरी १: खरंच पडलाय का ते बघा, आणि बाकीच्यांना हात लावू नका

ज्या नोडबद्दल तक्रार आहे तो सोडून दुसऱ्या दोन नोडवर लॉगिन करा आणि दोन्हीकडे 'नोडटूल स्टेटस' चालवा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं दिसतील. 'यूएन' म्हणजे नोड चालू आणि नेहमीच्या स्थितीत, 'डीएन' म्हणजे बंद पण अजून रिंगचा, म्हणजे क्लस्टरचा, सदस्य, 'यूजे' म्हणजे नव्याने सामील होत असलेला.

दोन ठिकाणांहून बघायचं, कारण कॅसँड्रामध्ये 'हा नोड मेला' असं जाहीर करणारा कोणी मुख्य नोड नसतो. दर सेकंदाला प्रत्येक नोड दुसऱ्या काही नोडशी गॉसिप करतो आणि त्या गप्पांमधून कोण जिवंत, कोण गेला याचा अंदाज आपापल्यापुरता बांधतो. एकाला डीएन दिसत असेल आणि दुसऱ्याला यूएन, तर बहुतेक वेळा मशीन ठीक असतं आणि मधलं नेटवर्क बिघडलेलं असतं. अशा वेळी पोर्ट ७००० दोन्ही बाजूंनी उघडं आहे का ते तपासा. नोड एकमेकांशी त्याच पोर्टवर बोलतात, ४.० पासून एनक्रिप्शन असलं तरीही; ७००१ हे जुन्या पद्धतीचं पोर्ट मुद्दाम चालू ठेवलं असेल तरच लागतं. फायरवॉलचा एखादा नवा नियम कोणी त्याच दिवशी लावलेला असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

नोड खरोखर पडला असेल तर टीमच्या चॅनेलवर लगेच कळवा: आता दुसऱ्या कोणत्याही नोडला हात लावायचा नाही. चालू असलेलं रोलिंग अपग्रेड थांबवा, ओएसचे पॅच थांबवा, टेबलांच्या रचनेतले बदल थांबवा, नवीन नोड जोडणं थांबवा. आपल्या उदाहरणात दुसऱ्या रॅकमधला नोड आता बंद झाला, तर ज्या नोंदींच्या प्रती या दोघांवर होत्या त्यांची एकच प्रत उरते, क्वोरम मिळत नाही आणि अॅप्लिकेशन एरर द्यायला लागतं. एक नोड पडल्यामुळे सेवा बंद पडते असं क्वचितच होतं. त्यानंतरच्या तासाभरात माणसांनी केलेल्या हालचालींनी ती जास्त वेळा पडते.

एक अपवाद ओळखून ठेवा. एकच नोड गेला आणि तरीही अनेकांचं लॉगिन फेल होतंय, असं दिसलं तर 'सिस्टम ऑथ' या कीस्पेसचा (टेबलांच्या गटाचा) रेप्लिकेशन फॅक्टर तपासा. तो मुळात १ असतो. पासवर्डची पडताळणी चालू करताना तो वाढवायला हवा होता आणि कोणी वाढवलेला नसतो. मग त्या एकाच नोडवर असलेली युजरची माहिती नोडबरोबरच गायब होते.

पायरी २: कधीपासून?

ज्युनिअर आणि सीनिअर यांच्यात होणारं बोलणं साधारण असं असतं:

"सर, चार नंबरचा नोड गेलाय. रिस्टार्ट मारू का?"
"थांब जरा. कधीपासून गेलाय?"
"आत्ताच, पाच मिनिटं झाली अलर्ट येऊन."
"अलर्ट पाच मिनिटांपूर्वी आला. नोड कधी गेला ते दुसऱ्या नोडच्या लॉगमध्ये बघ आणि मग सांग."

बाकीच्या नोडवर 'सिस्टम डॉट लॉग' या फाइलमध्ये त्या आयपीपुढे 'इज नाऊ डाउन' अशी ओळ सापडते. तिच्यापुढची वेळ ही खरी वेळ. अलर्टची वेळ ही मॉनिटरिंगला जाग आली ती वेळ, आणि दोन्हींमध्ये पाच मिनिटांपासून पाच दिवसांपर्यंत कितीही अंतर असू शकतं. टेस्टिंगच्या क्लस्टरमध्ये सणाच्या सुट्टीत गेलेला नोड सुट्टी संपल्यावरच कोणाच्या तरी लक्षात येतो.

आता दोन मुदती लक्षात ठेवा.

पहिली ३ तासांची. नोड बंद असताना त्याच्यासाठी आलेलं लिखाण ज्या नोडकडे विनंती आली तो स्वतःकडे 'हिंट' म्हणून जपून ठेवतो आणि नोड परत आला की त्याला देतो. पण हे फक्त पहिले ३ तास. त्यानंतर हिंट साठवणं बंद होतं. ही मुदत सेटिंगमध्ये बदलता येते, तेव्हा तुमच्याकडे किती आहे ते कॅसँड्राच्या यॅमल फाइलमध्ये पाहून ठेवा.

दुसरी १० दिवसांची, आणि ही नीट समजून घ्या. कॅसँड्रामध्ये डिलीट केलेली नोंद लगेच पुसली जात नाही. तिच्यावर 'टूम्बस्टोन' नावाची खूण लिहिली जाते: ही नोंद अमुक वेळी काढली. ही खूण 'जीसी ग्रेस सेकंद्स' इतका काळ ठेवली जाते, मूळ सेटिंग ८,६४,००० सेकंद, म्हणजे बरोबर १० दिवस. चतुर्थीला गणपती बसले की अनंत चतुर्दशीला विसर्जन, तेवढा काळ. त्यानंतर कॉम्पॅक्शन (डेटाच्या फाइल एकत्र करून नव्याने लिहिणं) होताना खूण आणि जुनी नोंद दोन्ही कायमच्या जातात.

आता समजा, घरोघरी दूध पोहोचवणाऱ्या एखाद्या अॅपचा डेटा इथे आहे. चार नंबरचा नोड पडला. दुसऱ्या दिवशी कोथरूडच्या एका ग्राहकाने सदस्यत्व रद्द केलं. खूण उरलेल्या दोन प्रतींवर लिहिली गेली, चारवर नाही, कारण तो बंद होता. तीन आठवड्यांनी कोणीतरी चार नंबर सुरू केला. तोपर्यंत त्या दोन नोडवरून नोंदही गेली आणि खूणही. चारकडे मात्र 'सदस्यत्व चालू' ही जुनी नोंद जशीच्या तशी आहे. आता तिघे आपापला डेटा ताडून बघतात तेव्हा दोघांकडे काहीच नाही आणि एकाकडे नोंद आहे. डेटाबेसच्या दृष्टीने याचा अर्थ एकच: त्या दोघांनी ही नोंद चुकवली, त्यांना ती द्यायला हवी. रिपेअर (प्रती एकमेकींशी ताडून फरक भरून काढणारी कमांड) चालवलं की रद्द झालेलं सदस्यत्व तिन्ही ठिकाणी पुन्हा जिवंत होतं. कुठेही एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही. ग्राहकाचा फोन येतो तेव्हा कळतं.

म्हणून १० दिवसांपेक्षा जास्त बंद असलेला नोड त्याच्या जुन्या डेटासह कधीही सुरू करू नका. त्याची डिस्क कितीही चांगली असो. आणि ही मुदत प्रत्येक टेबलाला वेगळी असू शकते. काही टीम जागा वाचवायला ती एका दिवसावर आणतात. 'डिस्क्राइब टेबल' करून सगळ्यांत लहान मुदत कोणाची आहे ते बघा. तुमची मुदत तीच.

पायरी ३: काय झालंय ते शोधा

आता मशीनवर जा. एसएसएच होत नसेल तर प्रश्न मशीनचा किंवा नेटवर्कचा आहे, क्लाउडच्या कन्सोलवर किंवा सर्व्हर रूममध्ये जाऊन बघावं लागेल. होत असेल तर आधी 'डीएफ' ने डिस्क, मग 'डीमेसेज' मध्ये कर्नलने मेमरी कमी पडली म्हणून प्रोसेस मारली का ते, आणि मग कॅसँड्राचा लॉग खालून वर.

प्रोसेस चालू आहे, सिस्टमडी 'अॅक्टिव्ह' म्हणतं आणि स्टेटसमध्ये मात्र डीएन, हे चित्र नवख्यांना फार गोंधळात पाडतं. 'डिस्क फेल्युअर पॉलिसी' मुळात 'स्टॉप' असते. डिस्कवरून वाचताना किंवा लिहिताना गंभीर एरर आला की नोड गॉसिप आणि ग्राहकांची जोडणी स्वतःच बंद करतो, पण प्रोसेस तशीच ठेवतो, तुम्हाला तपास करता यावा म्हणून. अशा नोडला रिस्टार्ट केलं तर तो काही मिनिटं चालेल आणि खराब सेक्टरपाशी पुन्हा थांबेल. डिस्कची प्रकृती 'स्मार्टसीटीएल' ने तपासा. डिस्क जात असेल तर सरळ बदलीच्या रस्त्याला लागा.

डिस्क भरली असेल तर डेटा फोल्डरमधली एकही फाइल हाताने उडवू नका. आधी 'नोडटूल लिस्टस्नॅपशॉट्स' बघा. नोड बंद असेल तर टेबलांच्या फोल्डरमधले 'स्नॅपशॉट्स' फोल्डर. टेबल ड्रॉप किंवा ट्रंकेट केलं की कॅसँड्रा आपोआप स्नॅपशॉट घेतो. तो हार्ड लिंक असल्यामुळे घेताना जागा जात नाही, पण मूळ फाइल हटल्यावरही ती जागा अडकून राहते. नको असलेले स्नॅपशॉट काढले की बऱ्याचदा श्वास घेण्याइतकी जागा मिळते.

अचानक वीज गेल्यावर कमिट लॉगची फाइल (आलेलं लिखाण आधी जिच्यात नोंदलं जातं ती) खराब होऊन नोड सुरूच होत नाही, असंही घडतं. लॉगमध्ये कमिट लॉग रिप्लेचा एरर आणि फाइलचं नाव येतं. ती फाइल दुसरीकडे हलवली की नोड उठतो. मात्र त्यातलं, अजून टेबलाच्या फाइलमध्ये न गेलेलं लिखाण या नोडपुरतं गेलं असं समजा. बाकीच्या प्रतींवरून ते परत आणायला रिपेअर चालवावंच लागतं. आणि फाइल हलवायची, पुसायची नाही.

पायरी ४: परत आणायचा रस्ता निवडा

३ तासांच्या आत आणि डेटा शाबूत: कारण दूर करा, सेवा सुरू करा, यूएन येईपर्यंत थांबा. हिंट आपोआप येतील. तरी पुढच्या ठरलेल्या रिपेअरमधून हा नोड सुटू देऊ नका, कारण हिंट पोहोचतीलच अशी हमी नसते.

३ तासांच्या पुढे, मुदतीच्या आत आणि डेटा शाबूत: सुरू करा आणि लगेच त्याच नोडवर पूर्ण रिपेअर चालवा, म्हणजे 'नोडटूल रिपेअर' ला 'फुल' हा पर्याय जोडून. इथे एक चूक सर्रास होते. रोजच्या रिपेअरच्या स्क्रिप्टमध्ये 'पीआर' हा पर्याय असतो आणि तीच कमांड उचलून चालवली जाते. 'पीआर' फक्त त्या नोडच्या मुख्य हिश्श्यापुरतं काम करतो. सगळ्या नोडवर आळीपाळीने चालवायचा असेल तेव्हाच तो योग्य. एका नोडला सावरताना तो लावला तर आपल्या उदाहरणात त्याच्याकडच्या डेटाचा साधारण दोन तृतीयांश भाग तपासलाच जात नाही. मुदत संपायला एखाद-दुसराच दिवस उरला असेल आणि रिपेअर तेवढ्यात पूर्ण होईल याची खात्री नसेल, तर मी स्वतः हा रस्ता घेणार नाही. नोड बदलणं सुरक्षित आहे.

मुदत उलटलेली, किंवा डिस्क गेलेली, किंवा मशीनच नाही: नोड बदला. क्लाउडमध्ये मशीनला जोडलेली लोकल एनव्हीएमई डिस्क असेल तर मशीन बंद करून चालू केल्यावर ती रिकामी मिळते, त्यामुळे तोही याच गटात.

बदलीचा क्रम असा:

१. जुना नोड परत उठणार नाही अशी व्यवस्था करा. सेवा 'मास्क' करा किंवा मशीन कायमचं काढा. अर्धवट बदलीच्या मध्येच जुना नोड आपोआप सुरू झाला तर निस्तरताना रात्र जाते.

२. नवं मशीन तयार करा. कॅसँड्राची आवृत्ती अगदी तीच, क्लस्टरचं नाव, डेटा सेंटर, रॅक आणि टोकनची (नोडकडे असलेल्या डेटाच्या हिश्श्यांची) संख्या तीच. घड्याळ क्रोनीने जुळवलेलं असू द्या; दोन नोंदींत कोणती नवी हे कॅसँड्रा वेळेच्या शिक्क्यावरून ठरवतो, त्यामुळे घड्याळ पुढे असलेला नोड चुकीची नोंद जिंकवू शकतो.

३. डेटा, कमिट लॉग, सेव्ह्ड कॅश आणि हिंट्स हे चारही फोल्डर पूर्ण रिकामे आहेत ना ते बघा.

४. नव्या नोडच्या सीड यादीत (क्लस्टरमध्ये येताना आधी ज्यांच्याशी बोलायचं त्या नोडच्या यादीत) त्याचा स्वतःचा आयपी नको. सीड नोड बूटस्ट्रॅप करत नाही, म्हणजे दुसऱ्यांकडून डेटा ओढून घेत नाही. जुना नोड सीड असेल तर यादीत तात्पुरता दुसरा नोड ठेवा.

५. जेव्हीएमच्या पर्यायांमध्ये 'कॅसँड्रा डॉट रिप्लेस अॅड्रेस फर्स्ट बूट' हा पर्याय लिहा (शेवटच्या चार शब्दांमध्ये अंडरस्कोअर) आणि किंमत म्हणून मेलेल्या नोडचा आयपी द्या. नव्याला तोच आयपी मिळाला असला तरीही हा पर्याय लागतो.

६. सेवा सुरू करा. 'नोडटूल नेटस्टॅट्स' मध्ये डेटा येताना दिसेल. किती वेळ लागेल याचा अंदाज आधीच टीमला द्या. पाठवणाऱ्या प्रत्येक नोडवर मूळ मर्यादा २०० मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे २५ मेगाबाइट असते. ५०० गीगाबाइट एकाच नोडकडून यायचे असते तर साडेपाच तासांहून जास्त लागले असते. प्रत्यक्षात अनेक नोड एकदम पाठवतात म्हणून कमी लागतो. 'सेटस्ट्रीमथ्रूपुट' ने मर्यादा वाढवता येते, पण दिवसाढवळ्या गर्दीच्या वेळी ती वाढवण्याआधी ग्राहकांच्या विनंत्यांचा वेग बघा. मध्येच तुटलं तर फोल्डर रिकामे करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं सगळ्यांत सरळ.

७. यूएन आलं की पूर्ण रिपेअर. जुना नोड पडल्यापासून बदली पूर्ण होईपर्यंत ३ तास उलटले असतील, आणि बहुधा उलटलेच असतात, तर ते टाळता येत नाही.

बदलीच्या आधी कोणी उत्साहाने 'नोडटूल रिमूव्हनोड' चालवू नये. त्याने मेलेला नोड रिंगमधून निघून जातो, त्याचे हिस्से उरलेल्यांमध्ये वाटले जातात आणि मग 'याच्या जागी मी' असं म्हणायला जागाच उरत नाही. नवा नोड आणायचाच नसेल, क्लस्टर लहान करायचा असेल, तेव्हाची ती कमांड. 'असॅसिनेट' ही त्याहून पुढची. ती डेटा कुठेही हलवत नाही, नोडचं नाव फक्त गॉसिपमधून पुसते. सीनिअरला विचारल्याशिवाय तिच्याकडे जाऊ नका.

पायरी ५: झालं असं म्हणण्याआधी

सगळ्या नोडवरून स्टेटस यूएन दिसतंय का? 'डिस्क्राइबक्लस्टर' मध्ये स्कीमाची (टेबलांच्या रचनेची) एकच आवृत्ती आहे का? 'टीपीस्टॅट्स' मध्ये टाकून दिलेल्या मेसेजचे आकडे वाढत नाहीत ना? नव्या नोडवरचा लोड शेजाऱ्यांच्या आसपास आहे का? हे पटलं की सीड यादी पूर्ववत करा, थांबवलेली कामं एकेक करून सुरू करा आणि घटनेची नोंद लिहा. नोड कधी पडला आणि कधी कळलं या दोन वेळा तिच्यात वेगळ्या लिहा.

पुण्यातल्या सर्व्हर रूमबद्दल थोडं

अनेक कंपन्यांची प्रॉडक्शन सिस्टम क्लाउडवर असते: अझूरचं 'सेंट्रल इंडिया' रीजन पुण्यातच आहे, एडब्ल्यूएसचं मुंबईत. तिथे रॅक म्हणजे अव्हेलेबिलिटी झोन असं जुळवलेलं असतं आणि वीज, नेटवर्क वेगवेगळं मिळतं. पण टेस्टिंगचा क्लस्टर पुष्कळदा ऑफिसमधल्याच एका खोलीत असतो. तिथे यॅमलमध्ये तीन रॅक लिहिलेले असले तरी यूपीएस एकच असतो. गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज जाते, मे महिन्यात वळवाच्या पावसात झाडं तारांवर पडतात. कमिट लॉग मुळात दर १० सेकंदांनी डिस्कवर पक्का होतो. एक नोड अचानक गेला तर त्या १० सेकंदांचं लिखाण दुसऱ्या प्रतींवर असतं. तिन्ही एकदम गेले तर ते कुठेच नसतं, आणि अॅप्लिकेशनला मात्र 'लिहिलं' असा होकार गेलेला असतो. म्हणून वीज जाणार हे आधी माहीत असेल तर प्रत्येक नोडवर 'नोडटूल ड्रेन' (सगळं लिखाण डिस्कवर उतरवून नवं काम घेणं थांबवणं) करा आणि मगच बंद करा. वीज आल्यावर सीड नोड आधी, बाकीचे एकेक करून.

विसर्जनाच्या दिवशी ऑन-कॉल कोण असेल ते ठरवताना तो राहतो कुठे हेही बघा. मिरवणूक एका दिवसाहून जास्त चालते, मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, सदाशिव पेठेतून बाणेरच्या सर्व्हर रूमपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. त्या दिवशी चावी नदीच्या पलीकडे राहणाऱ्याकडे असावी.

सराव

हे सगळं पहिल्यांदा प्रॉडक्शनवर करू नका. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये तीन नोड सहज चालतात. एन्व्हायर्नमेंटमध्ये कमाल हीप (जेव्हीएमला दिलेली मेमरी) आणि 'हीप न्यूसाइज' दोन्ही जोडीने कमी करून ठेवा. रेप्लिकेशन फॅक्टर ३ चं एक टेबल करा, थोड्या नोंदी टाका. एक नोड 'किल वजा नऊ' ने मारा, नोंदी बदला, नोड सुरू करा आणि लॉगमध्ये हिंट येताना बघा. मग एका नोडचे सगळे फोल्डर रिकामे करून बदलीचा पूर्ण क्रम करा.

शेवटी ते परत जिवंत होणाऱ्या नोंदीचं प्रकरण स्वतः घडवा. टेबलाची जीसी ग्रेस मुदत ६० सेकंदांवर आणा, तिन्ही नोडवर हिंट बंद करा, सगळं लिखाण 'फ्लश' ने डिस्कवर उतरवा. एक नोड थांबवा, एक नोंद डिलीट करा आणि उरलेल्या दोन नोडवर पुन्हा 'फ्लश' करा. दोन मिनिटं जाऊ द्या, त्या दोन्ही नोडवर 'नोडटूल कॉम्पॅक्ट' चालवा आणि थांबवलेला नोड सुरू करून पूर्ण रिपेअर करा. मग सीक्यूएलमध्ये कन्सिस्टन्सी 'ऑल' ठेवून ती नोंद वाचा.